मुहूर्त नसलेले महिने

गणपती गेले, मांडवाचे बांबू अजून रस्त्याकडेला आडवे पडलेले असतात, आणि माझा फोन वाजायला लागतो.

“अन्नपेढी ना? उद्या आमच्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध आहे. दोन पानं बाजूला काढते. पण बाराच्या आत या हं बाई, आमची माणसं खोळंबतात.”

दुसरा फोन येतो तो याच्याही पुढचा. त्यांचं पान फक्त खरोखर भुकेल्या माणसालाच जायला हवं असतं. खरोखरचा भुकेला कसा ओळखायचा, असं विचारलं तर ते म्हणतात, ते तुम्हाला कळत असेलच ना. तिसऱ्या बाईंना जेवणाऱ्याचा फोटो हवा असतो, आणि त्यात तो हसत असला तर बरं. मी सगळ्यांना हो म्हणते. वर्षभर आम्ही लोकांच्या मागे लागलेलो असतो, या एका पंधरवड्यात लोक आमच्या मागे लागतात. कावळ्यांचा आणि आमचा हंगाम एकच, असं मी एकदा बैठकीत म्हणाले होते. अध्यक्षांना ते आवडलं नव्हतं.

नाशकात तर पितृपक्ष नुसता पाळत नाहीत, तो अंगावर येतो. रामकुंडाकडे बाहेरगावच्या गाड्यांची रांग, नुकतीच डोकी भादरलेली माणसं, ओली धोतरं, काळे तीळ. आणि आमच्या गाडीत डबे. खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, कढी, आणि प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात ठरलेली आमसुलाची चटणी. तिचा तो आंबट-गोड वास पत्र्याला, पोत्याला, रफिकभाईंच्या सदऱ्यालासुद्धा धरतो. लहानपणी मी या चटणीसाठी श्राद्धाची वाट बघायची आणि त्यावरून आईचा मारही खाल्लाय. आता घरी कुणी ती वाढली तर मी हात आडवा करते. नको म्हणते, पित्त होतं म्हणते. पित्ताचा काही संबंध नाही.

आमची अन्नपेढी म्हणजे दिंडोरी रोडच्या बाजूला पत्र्याची एक शेड, एक मालवाहू गाडी आणि झाकणाची मोठाली पातेली. पेढी म्हटलं की लोकांना वाटतं, आत पोत्यांची थप्पी असणार. आमच्याकडे साठा नावाची गोष्टच नाही. शिजलेलं, उरलेलं अन्न उचलायचं आणि ते आंबायच्या आत कुणाच्या तरी पोटात पोचवायचं, एवढाच धंदा. ताटात टाकलेलं नाही, भांड्यात उरलेलं. हा फरक मी फोनवर इतक्यांदा समजावून सांगितलाय की झोपेत विचारलं तरी सांगेन. शाळेच्या ऑफिसात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे गोड बोलून कामं करवून घ्यायची आणि न ऐकणाऱ्याला ऐकवायची जबाबदारी निवृत्तीनंतर आपसूक माझ्याकडे आली. गाडी रफिकभाई चालवतात. जुन्या नाशकातले, माझ्याच वयाचे, पान खाणं सोडलेले आणि म्हणून सतत बडीशेप चघळणारे.

आमचं सगळं गणित लग्नांवर. तुळशीचं लग्न लागलं की आम्ही राजे. गंगापूर रोडची लॉन्स, औरंगाबाद नाक्याकडची कार्यालयं, एकेका दुपारी दोन-दोन ठिकाणांहून बोलावणं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, पनीरची ती लालभडक भाजी, कधी अर्धं पातेलं भरून गुलाबजाम. भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू, जिथं लग्नाचे मुहूर्त छापतात, ती मी जितकी वाचली असेल तितकी मुलीचं लग्न जमवणाऱ्या बापानंही वाचली नसेल. मग येते आषाढी. देव झोपतात. त्यांच्याबरोबर लॉन्सवाले झोपतात, आचारी झोपतात आणि आमची पातेली पालथी पडतात. पंचांगवाले हल्ली अडीअडचणीचे मुहूर्त काढून देतात खरे, पण त्या मुहूर्तावर कुणी शेकड्यानं पानं उठवत नाही. चार महिने शहरात लग्न नाही. भूक मात्र असते, तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पेठ रोडला कालव्याच्या कडेनं तेव्हा एक वस्ती होती. प्लास्टिकचे कागद, बांबू आणि जुने बॅनर यांची खोपटी. सुरगाण्याकडच्या डोंगरातली माणसं, घरचं भात-नागलीचं काम आटपलं की मजुरीला उतरणारी. काही घरं मात्र वर्षभर इथंच राहायची, कारण वर त्यांच्या वाट्याला उतारावरचा जेमतेम तुकडा होता. सोनाबाई त्यांतली. काळीसावळी, बारीक, बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघणारी. नवरा गेलेला. एक लेक यशी, आणि एक जावई, जो मी सांगतेय त्या वर्षीच्या पावसाळ्यात काम बघायला सुरतेकडे गेला आणि तिकडेच राहिला.

पहिल्यांदा सोनाबाई माझ्याशी आपणहून बोलली ते असं: “ताई, आता दाट तिथ कधी हाय?”

मला वाटलं, लेकीच्या लग्नाचं बघतेय. मी तारीख सांगितली. तिनं मान हलवली आणि शेजारणीला म्हणाली, “त्या दिशी चूल नको पेटवू.” मला कळायला जरा वेळ लागला. कुणाच्या तरी घरच्या मंगलकार्याची तिथी ही या बाईच्या लेखी जेवायची तिथी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मार्गशीर्षात किती, माघात किती आणि वैशाखात कुठले दिवस भरगच्च, हे ती मला विचारून विचारून लक्षात ठेवायची. मी हसले होते तेव्हा. रफिकभाई हसले नाहीत.

यशी आईच्या अगदी उलट. सरळ डोळ्यांत बघायची आणि तोंडाला कुलूप नाही. गाडी थांबली की पातेल्यात डोकावायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला.

“रफिकभाई, नवरी कशी होती?”

रफिकभाईंनी कधीच नवरी पाहिलेली नसायची. ते कार्यालयाच्या मागच्या दारानं जाऊन मागच्या दारानं यायचे. पण ते सांगायचे. आज नवरी उंच होती, हिरव्या शालूत. आज नवरी रडत होती, काजळ पसरलं होतं. आज नवरीच नवरदेवापेक्षा मोठी दिसत होती. यशी पोट धरून हसायची. तिचं स्वतःचं लग्न व्हायचं राहिलं होतं. त्यांच्याकडे पोरं आधी संसार मांडतात आणि जमेल तेव्हा हळद लावून गावाला जेवण घालतात. त्यात कुणी कुणाला नाव ठेवत नाही. ती म्हणायची, “माझ्या लग्नाला तुम्ही गाडी घेऊन या, रफिकभाई. पण पातेली रिकामीच घेऊन जाल, काय उरणार नाय.”

ते वर्ष मला महिन्यांनी आठवत नाही, वासांनी आठवतं. ओल्या प्लास्टिकचा वास. पेटता न पेटणाऱ्या लाकडाचा धूर. पाऊस असा की थांबल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा धरायचा. एरवी या दिवसांत गिरणाऱ्याकडे टोमॅटो तोडायचं काम असतं, पहाटे जीपगाड्या भरून माणसं जातात. त्या वर्षी टोमॅटो झाडावरच सडला. स्लॅबची कामं बंद, खोदाई बंद. द्राक्षबागांची छाटणी लागायला अजून अवकाश होता. रेशनचं कार्ड गावाकडे, अंगणवाडीतलं नावही गावाकडे, आणि घाटात दरड आल्यामुळे जीपवाले म्हणतील ते भाडं. आमची गाडी यायची ती जवळजवळ रिकामी.

श्रावणात आम्हाला केळी मिळाली. देवळांतून, भजनी मंडळांतून केळी, राजगिऱ्याचे लाडू, कधी गार झालेली साबुदाण्याची खिचडी. श्रावणात अख्खं शहर उपास करतं आणि फराळानं सुस्तावतं. मी हॉटेलांना फोन केले, खानावळींना केले, वसतिगृहांना केले. पावसाळ्यात हिशेबानंच करतो, ताई. काही उरत नाही, ताई. एकानं तर मलाच विचारलं, तुमच्याकडे काही असेल तर सांगा, आमचा माणूस सुट्टीवर आहे. बैठकीत मी म्हटलं, आपण विकत घेऊन शिजवू या. चार महिने, बस. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “आपण उरलेलं पोचवणारी संस्था आहोत. विकत घ्यायला लागलो तर आपलं काम बदलतं.” त्यांचं चूक होतं असंही नाही. एका वस्तीला शिजवून दिलं तर बाकीच्यांनी काय करायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण मला तेव्हा त्यांच्या समोरची बिस्किटांची बशी भिरकावून द्यावीशी वाटली, हे खरं आहे.

उपासमार कशी दिसते हे मला तोवर ठाऊक आहे असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यात पोरं गाडीमागे धावत यायची. मग ती खोपटाच्या दारात उभी राहून बघायला लागली. मग बसून बघायला लागली. पुढं तर गाडी आली तरी मान वळेना. रफिकभाई हॉर्न वाजवायचे बंद झाले. ते म्हणाले, “मॅडम, हॉर्न वाजवला की पोरं उठतात. देण्यासारखं काही नसताना कशाला उठवायचं?”

यशीला दिवस गेले होते. ज्येष्ठात कळलं तेव्हा तिनं सगळ्यांत आधी रफिकभाईंना सांगितलं होतं, आणि त्यांनी घरून तिच्यासाठी खारका आणल्या होत्या. श्रावण संपता संपता तिची पावलं सुजली. पापणी खाली ओढून बघितलं तर आत पांढरं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, चांगल्या शब्दांत समजावलं की जेवणानंतर घ्यायच्या. जेवणच नव्हतं. रिकाम्या पोटी गोळी घेतली की उलटी व्हायची, म्हणून तिनं त्या पाकिटासकट छपराच्या बांबूत खोचून ठेवल्या. मला दिसलं तेव्हा मी रागावले. ती म्हणाली, “असू द्या ताई, तिथ लागली की घेईन.”

मग मी घरून डबा न्यायला लागले. भाकरी, मुगाचं वरण, अळूचं फदफदं, गूळ-शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर यशीच्या तोंडी दोन घास. सोनाबाईनं डबा उघडून सगळ्या खोपट्यांत वाटा घातला होता. मी पुढच्या वेळी मोठा डबा नेला, वाटे मोठे झाले, यशीचा वाटा तेवढाच राहिला, कारण मोठा डबा बघून पलीकडच्या ओळीतली माणसंही हक्काची झाली होती.

“अगं, पोटुशी पोरगी आहे तुझी. तिच्यापुरतं तरी ठेव.”

सोनाबाई माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “पाड्यावर कुणी असं एकल्यानं खात नाय ताई. शेजारची पोरं वास घेत्यात. तिच्या नरड्याखाली उतरंल का?”

मी यशीकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली, नाही उतरणार. मला त्या दोघींचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि घरी येऊन मी पोटभर जेवले, हेही सांगायला हवं. माणूस जेवतोच.

असे दिवस ढकलत आम्ही भाद्रपदात आलो. गणपतीत मोदक आले, मंडळांचे भंडारे झाले, चार दिवस पोरांच्या तोंडांना रंग आला. आणि मग पितृपक्ष लागला नि माझा फोन वाजायला लागला. दोन महिने ज्यांना हात जोडले ते सगळे आता उलट फोन करत होते. गाडी भरली. खीर, वडे, भाज्या, कढी, चटणी. रफिकभाई त्या दिवशी हॉर्न वाजवतच कालव्याकडे वळले. मीही गाडीत होते. मला यशीचं तोंड बघायचं होतं.

वस्ती उठली. पोरं आली, बाया आल्या, वाटे पडले. यशी पण आली, एक हात कमरेवर ठेवून. ती पातेल्यावर वाकली आणि सोनाबाईनं मागून तिचा दंड धरला.

“तू नको. पितराचं हाय.”

मला आधी समजलंच नाही. सोनाबाईनं समजावून सांगितलं, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून. ज्याच्या नावानं पान वाढतात तो येऊन जेवतो त्या पानावर. बाकीच्यांचं ठीक आहे, त्यांनी खावं. पण पोटात जीव असलेल्या बाईनं ते खायचं नाही. मेलेल्याच्या ताटातलं जन्माला न आलेल्याच्या तोंडी द्यायचं नाही. तिच्या सासूनं तिला दिलं नव्हतं, ती लेकीला देणार नव्हती. आणि लेक जेवणार नाही म्हणून ती स्वतःही जेवणार नव्हती.

रफिकभाई पुढे झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना फक्त नवरीचं वर्णन करताना ऐकलं होतं.

“मावशी, हे पितराचं नाही. हे आमच्यातल्या लग्नाचं आहे. आमच्यात पितर-बितर नसतात, कधीही लग्न होतं. खाऊ द्या पोरीला.”

यशीचे डोळे चमकले. “नवरी कशी होती?”

ते काही सांगणार तेवढ्यात सोनाबाईनं डब्यात बोट दाखवलं. “तुमच्यात लग्नात आमसुलाची चटणी करत्यात?”

मग यशीच हसायला लागली, आणि रफिकभाईंनी मान खाली घातली. हसता हसता ती म्हणाली, “आये, नुसती चटणी चाटू? बोटभर. तोंडाला लय पाणी सुटलंय.” आंबटाचे डोहाळे होते तिला. आईनं दंड सोडला नाही. मी तेव्हा सोनाबाईला वाटेल ते बोलले. अडाणी म्हणाले. पोरीला उपाशी मारशील म्हणाले. ती ऐकून घेत उभी राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “ताई, माझ्याकडं तिला द्यायला काय नाय. निदान वाईट तरी काय देऊ नये.”

मी गाडीत जाऊन बसले. चटणीचा वास येत राहिला.

आता या गोष्टीचा विचार करते तेव्हा वाटतं, आम्ही सगळेच तिथ्यांना बांधलेलो होतो. शहर ठरलेल्या तिथीला वाढणार, ठरलेल्या तिथीला आवरून घेणार. देणाऱ्याचा नियम दयाळू समजायचा आणि खाणारीचा नियम अडाणी, हा कुठला न्याय? भुकेल्यानं निवडू नये असं आपण धरूनच चालतो. सोनाबाईनं निवडलं, म्हणून मी चिडले. पण ही अक्कल मला नंतर आली आणि तिचा यशीला काही उपयोग नव्हता.

रफिकभाईंनी मात्र त्या शुक्रवारी आपला शब्द खरा केला. त्यांच्या भाचीचा निकाह होता, अगदी खराखुरा. अन्नपेढीच्या गाडीतून शाकाहारीच न्यायचं असा नियम, म्हणून ते स्कूटरवर गेले, हँडलला स्टीलचा डबा अडकवून. वस्तीत शिरताना त्यांनी डबा सदऱ्याखाली लपवला होता, असं त्यांनीच मला सांगितलं. सोनाबाईला म्हणाले, “मावशी, डबा बहिणीचा आहे, रिकामा करूनच परत द्यायचाय. मी इथं बसतो.” आणि खरंच दारात आडवे बसले, कुणी आत येऊ नये म्हणून. यशी बिर्याणी जेवली. आईला घास दिले, शेजारच्या दोन पोरांना मागच्या फटीतून दिले, पण जेवली. आणि मग विचारलं, नवरी कशी होती. रफिकभाईंनी या वेळी नवरी पाहिली होती. त्यांनी सगळं सांगितलं, मेंदी कोपरापर्यंत होती, नाकातली नथणी सारखी टोचत होती म्हणून ती शिंकत होती, निरोपाच्या वेळी तिनं मामाला मिठी मारली ती सोडेना. यशी म्हणाली, “ही खोटी वाटते. आधीच्या बऱ्या होत्या.”

एका डब्यानं अंगात रक्त होत नाही.

नवरात्र बसलं. शहर पुन्हा उपासाला लागलं. गरब्याचे कर्णे दुपारपासून आवाज तपासत होते आणि यशीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना, तेव्हा सोनाबाईनं कुणाच्या तरी मोबाइलवरून रफिकभाईंना फोन लावला, आणि यशी दवाखान्यात गेली ती आमच्या गाडीतून, रिकाम्या पातेल्यांच्या मध्ये, पोत्यांवर निजून. डॉक्टरांनी हयगय केली नाही. रक्ताच्या पिशव्या लावल्या, एक डॉक्टर मुलगी तर बाहेर येऊन स्वतःच भिंतीला टेकून रडली. मला म्हणाली, “अंगात काही नव्हतंच हो तिच्या. कशाच्या जोरावर सोसणार?” पोर जगली. एवढीशी, काचेच्या पेटीत, नाकात नळी. यशी गेली. तिची हळद राहून गेली आणि बांबूत खोचलेल्या गोळ्याही तशाच राहिल्या.

सोनाबाई रडली नाही, की माझ्यासमोर रडली नाही, मला माहीत नाही. पोर पेटीतून बाहेर आली तेव्हा तिला लुगड्यात बांधून ती सुरगाण्याच्या जीपमध्ये चढली. मी पैसे, दुधाची पावडर, कपडे जे सुचलं ते दिलं. तिनं घेतलं. जाताना मागे बघितलं नाही.

मग देव उठले. तुळशीचं लग्न लागलं आणि पहिल्याच दाट तिथीला गाडी इतकी भरली की झाकणं बसेनात. जिलेबीचा पाक पातेल्यांवरून ओघळत होता. सवयीनं आम्ही कालव्याकडे वळलो. छाटणीची कामं लागली होती, वस्ती बागांत पांगली होती, खोपट्यांचे कागद वाऱ्यावर फडफडत होते. रफिकभाईंनी इंजीन बंद केलं. मी त्यांना म्हटलं, चला, दुसरीकडे नेऊ. ते म्हणाले, “मॅडम, हेच जर दोन महिने आधी असतं तर.” त्या पोरीला आम्ही जेवू घालू शकलो नाही, कारण त्या दिवसांत कुणाचं लग्न नव्हतं. इतकं साधं कारण. ते मी कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं, मी काहीतरी झाकतेय.

त्यानंतर पेढीत थोडा बदल झाला. चातुर्मासात कोरडा शिधा द्यायचा ठराव झाला, अध्यक्षांनीच मांडला, आणि तो आम्ही जमेल तसा पाळतो. पुरत नाही. कधी पुरलेला नाही. आषाढीनंतर माझी झोप उडते ती तुळशीच्या लग्नालाच परत येते. कुणाच्या घरी मुलीचं लग्न ठरलं म्हटलं की मी मनापासून आनंदते, आणि त्या आनंदात यजमानांचा वाटा फार थोडा असतो.

आणि हे सगळं आज लिहायला बसले, कारण आज सकाळी सोनाबाई आली. इतक्या वर्षांनी. मधल्या काळात तिची काही खबर नव्हती. वर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी मी काय विचारणार होते? आज सर्वपित्री. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, डब्यांवर डबे. दारात एक वाकलेली बाई आणि तिच्या पदराला धरून शाळेच्या गणवेशातली मुलगी. मुलगी सरळ डोळ्यांत बघत होती. रफिकभाईंनी तिला बघितलं आणि तोंडातली बडीशेप गिळायची विसरून गेले.

सोनाबाई द्राक्षाच्या कामाला उतरली होती, मुलीला इथल्याच शाळेत घातलंय म्हणाली. मी बसायला सांगितलं, ती बसली नाही. म्हणाली, “ताई, एक पान द्या.”

तिला या डब्यांत काय आहे ते कळत नसावं, असं मला वाटलं. मी हळूच म्हटलं, “सोनाबाई, आज सगळं पितरांचंच आहे गं. लग्नाचं काही नाही.”

“ठाव हाय,” ती म्हणाली. पुन्हा माझ्या पायांकडे बघत. “यशीसाठी पायजे. आता तिला चालतंय.”

रफिकभाई उठून बाहेर गेले. मी केळीचं पान धुतलं, पुसलं, आणि वाढायला घेतलं. खीर वाढली, वडे वाढले, गवार, भोपळा, भातावर कढी. आमसुलाची चटणी मात्र मी बोटभर नाही, चांगली वाटीभर वाढली.